बॅटरी १० टक्क्यांखाली गेल्यावर इलेक्ट्रिक कार नेमकी कशी चालवायची?

सह्यवाट
नमस्कार मंडळी,
इलेक्ट्रिक घ्यावी की पेट्रोल यावर इथे पुरेसं दळण दळून झालंय, ते या धाग्यावर नको. हा धागा एकाच प्रसंगापुरता आहे. चार्ज १० टक्क्यांच्या खाली गेलाय, पुढचा चार्जर २०-२५ किमीवर आहे आणि तो चालू असेलच याची खात्री नाही. अशा वेळी चालकाने काय करायचं?

प्रश्न असे:
१. पडद्यावर दिसणारे '२८ किमी' कितपत खरे मानायचे?
२. एसी बंद केल्याने खरंच फरक पडतो, की नुसतं घामाघूम व्हायचं?
३. शून्य दाखवल्यावर गाडी किती चालते?
४. थांबलीच, तर पुढे काय?

एक मत आधीच मांडून ठेवतो. लोक २५ टक्क्यांवर निवांत १००ने जातात आणि १० टक्क्यांवर घाबरतात. वेग कमी करायची वेळ २५ टक्क्यांवरच असते. पटत नसेल तर खोडून काढा.

'म्हणूनच आम्ही घेत नाही' हा प्रतिसाद पेट्रोलवाल्यांनी कृपया एकदाच आणि सामुदायिकपणे द्यावा.

बोका_नंबर_९
म्हणूनच आम्ही घेत नाही. (सामुदायिक)

किलोवॉटकाका
धागाकर्त्यांशी सहमत. आकडे देतो म्हणजे वाद कमी होईल, किंवा निदान मुद्द्यावर होईल.

किमी विसरा, युनिट मोजा (१ युनिट म्हणजे १,००० वॉट-तास). ३० युनिटच्या बॅटरीत १० टक्के म्हणजे ३ युनिट. छोट्या एसयूव्हीच्या आकाराची, माणसांसकट १,६०० किलोची गाडी धरा. सपाट रस्ता, एसी बंद. चाकांचं घर्षण, हवेचा रोध आणि मोटर आणि इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करणारा भाग) यांतला तोटा धरून दर किमीला लागणारी वीज साधारण अशी येते: ४०च्या वेगाला ७५ वॉट-तास, ६०ला ९५, ८०ला १२५, १००ला १६५ आणि १२०ला २१५.

म्हणजे त्याच ३ युनिटमध्ये १२०ने १४ किमी, १००ने १८, ८०ने २४, ६०ने ३१ आणि ४०ने ४० किमी. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्याचा हा परिणाम. तुमच्या गाडीचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण प्रमाण हेच राहील.

आता २५ टक्क्यांचं गणित. साडेसात युनिटमध्ये १००ने ४६ किमी जाता येतं, ७०ने ६९ किमी. तेवीस किमीचा फरक. त्यासाठी ४६ किमीला जेमतेम १२ मिनिटं जास्त लागतात. हाच शहाणपणा १० टक्क्यांवर सुचला तर हाती फक्त ९-१० किमी लागतात.

अदिती_व
काका, मस्त. मग एसीचं काय? वरच्या हिशोबाने ४०चा वेग सर्वांत चांगला दिसतोय.

किलोवॉटकाका
एसी बंद असेल तरच. एसी किमीवर वीज खात नाही, वेळेवर खातो. गाडी एकदा थंड झाली की कॉम्प्रेसर आणि ब्लोअर मिळून साधारण १ किलोवॉट धरा. उन्हात तापलेली गाडी थंड करताना हाच आकडा २-३ किलोवॉटवर जातो. १ किलोवॉट म्हणजे ८०च्या वेगाला किमीमागे १२ वॉट-तास, ६०ला १७, ४०ला २५ आणि ट्रॅफिकमध्ये २०ने सरकताना ५०.

म्हणून एसी चालू असेल तर ३ युनिटमध्ये ६०ने २७ किमी आणि ४०ने ३०. चाळीसचा फायदा जवळजवळ एसीनेच खाल्ला. एसी बंद करून ६०ने जा, हे माझं उत्तर. आणि कोंडीत अडकलात तर तिथे एसी आधी बंद, कारण तिथे मोटर काहीच खात नसते, सगळा खर्च एसीचाच असतो.

हेडलाइट बंद करणाऱ्यांना हात जोडून विनंती: एलईडी दिवे पन्नासेक वॉट खातात. ते बंद करून पाव किमीही वाचत नाही, जीव मात्र जाऊ शकतो. वायपर, गाणी, मोबाइलचं चार्जिंग, हे सगळं त्याच रांगेत.

मावळतीकर
>> एसी बंद करून ६०ने जा
द्रुतगती मार्गावर ६०? मागून कंटेनर येतोय आणि तुम्ही वॉट-तास मोजताय?

घाटवाट
मावळतीकर, सर्वांत डावी लेन धरा. ट्रक तिथे तसेही ६०-७०ने चालतात, तुम्ही त्यांच्यातलेच एक होता. ४०ने जाणं मात्र खरंच धोक्याचं, तिथे तुमच्याशी सहमत. आणि कृपया वारा अडावा म्हणून ट्रकच्या बुडाला चिकटू नका. फायदा व्हायला जितकं जवळ जावं लागतं, तितक्या अंतरात ब्रेक लागत नाही.

पण काकांचं सगळं गणित सपाट रस्त्याचं आहे. आपल्याकडे सह्याद्री आडवा पडलाय. माझा आडाखा: चार माणसं आणि सामान धरून १,७०० किलोच्या गाडीला दर १०० मीटर चढायला अर्धं युनिट जास्तीचं लागतं. उतरताना तेवढंच परत मिळत नाही, १०० मीटरला पाव युनिट धरावं.

खोपोलीपासून लोणावळा साधारण साडेपाचशे मीटर वर आहे. घाटाच्या १५ किमीला सपाटीवर दीड युनिट लागलं असतं, त्यात चढाचं पावणेतीन-तीन मिळवा. सव्वाचार-साडेचार युनिट झाले, म्हणजे ३० युनिटच्या गाडीचे १४-१५ टक्के. खालापूरला १० टक्के असताना 'लोणावळा तर १५ किमीवर आहे' म्हणून घाट चढायला घेतला, तर गाडी घाटातच थांबणार. तिथे रस्त्याचा खांदाही अरुंद असतो.

पोलादपूरहून महाबळेश्वर तर आणखी वाईट. सुमारे ४० किमी आणि जवळपास १,३०० मीटर चढ. सपाटीचे चार आणि चढाचे साडेसहा, वळणांवर वेग पुनःपुन्हा घ्यावा लागतो त्याचं वेगळं. अकरा-बारा युनिट हाताशी नसतील तर पोलादपूरलाच चार्ज करा.

उलट दिशेने, म्हणजे लोणावळ्याहून खाली येताना ५ टक्के असले तरी पायथ्यापर्यंत चिंता नाही. चिंता पायथ्यापासून पुढची.

गोंयकार_७७
घाटवाट यांच्या शेवटच्या ओळीला जोडून. पडद्यावरचे किमी हे 'उरलेली वीज भागिले गेल्या काही किमीतला सरासरी खर्च' असे काढलेले असतात. चोर्ला घाट उतरून साखळीला आलात की गेल्या वीस किमीतला खर्च नगण्य असतो, त्यामुळे गाडी खुशीत येऊन भलतेच किमी दाखवते. तेच बेळगावच्या दिशेने वर चढल्यावर रडवेला आकडा दाखवते. दोन्ही खोटे. सह्यवाट यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: घाटानंतर तो आकडा झाकून ठेवा आणि टक्के बघा. काही गाड्यांत नकाशात मार्ग टाकला तर चढ-उतार धरून 'पोहोचताना इतके टक्के' असं दाखवतात. तो आकडा बराच भरवशाचा असतो.

पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर टायरना पाणी बाजूला ढकलावं लागतं, खर्च ५-१० टक्के वाढतो. समोरून वारा असेल तर आणखी. कोकणात जुलैत दोन्ही फुकट मिळतं.

अदिती_व
उतारावर न्यूट्रलमध्ये टाकली तर? पेट्रोल गाडीला लोक टाकतात.

घाटवाट
अजिबात नाही. न्यूट्रलमध्ये रीजन (पाय काढल्यावर मोटरने उलट वीज बनवून बॅटरीत भरणं) बंद होतं, फुकट मिळणारी वीज जाते आणि सगळा भार ब्रेक पॅडवर येतो. लांब घाटात पॅड तापून ब्रेक ढिले पडतात. उतारावर रीजनची पातळी अशी ठेवा की गाडी ब्रेक न मारता ठरलेल्या वेगाला टिकेल.

सपाटीवर मात्र उलटं. तिथे रीजन शून्य किंवा सर्वांत कमी ठेवून गाडी घरंगळू द्या. रीजनने वीज बॅटरीत जाऊन पुन्हा चाकापर्यंत येईस्तोवर तिच्यातला एक तृतीयांश भाग वाटेत जातो. समोर सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय काढायचा.

टायरची हवाही बघा. ४-५ पीएसआय कमी असेल तर घर्षण वाढतं, आणि टपावरचं रिकामं कॅरिअर १००च्या वेगाला चांगलंच अंगाशी येतं.

बोका_नंबर_९
गाडी बंद पडल्यावर मागून ढकलली तर रीजनने चार्ज होते का हो?

किलोवॉटकाका
होते की. धडधाकट माणूस सलग १०० वॉट देऊ शकतो. काही वाया गेलं नाही असं धरलं तर एका युनिटला १० तास. दहा मित्र असतील तर तासाभरात १० किमीची वीज. पेट्रोलवाले मित्र चालतील.

ठिणगी
मुद्दा क्र. ३ वर कुणी बोललं नाही. शून्यानंतर किती, याचं उत्तर बॅटरीच्या रसायनावर आणि तिच्या सर्वांत अशक्त सेलवर आहे.

नेक्सॉन, टियागो, बीवायडी, महिंद्राची बीई ६, यांत एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) सेल आहेत. कोना, आयोनिक ५ मध्ये एनएमसी (निकेल-मँगेनीज-कोबाल्ट). एनएमसीचा व्होल्टेज चार्ज उतरेल तसा हळूहळू उतरतो, त्यामुळे व्होल्टेज बघून किती उरलंय ते बऱ्यापैकी कळतं. एलएफपीचा व्होल्टेज ८० टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंत ३.३ ते ३.२ व्होल्टच्या आसपासच असतो आणि अगदी तळाशी एकदम कोसळतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखं: ज्योत शेवटपर्यंत तशीच दिसते आणि कुकर लावल्यावर नेमकी जाते. म्हणून एलएफपी गाडीत बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) आत-बाहेर गेलेला करंट मोजून टक्के काढतो. या मोजणीत रोज थोडी चूक साठत जाते. महिनोन्महिने ३० ते ८० मध्येच गाडी फिरवली तर दाखवलेले ६ टक्के प्रत्यक्षात २ असू शकतात. अशा गाड्या ३-४ टक्के दिसत असताना थांबतात, आणि मालक म्हणतो 'अजून चार टक्के होते!'

उपाय सोपा. कंपनीच्या पुस्तिकेत जो काळ दिला असेल त्याप्रमाणे घरच्या एसी (म्हणजे साध्या घरगुती विजेच्या, संथ) चार्जरवर पूर्ण १००पर्यंत चार्ज करा आणि १०० दिसल्यावरही गाडी स्वतः थांबेपर्यंत प्लग काढू नका. वरच्या टोकाला व्होल्टेज झपकन चढतो, तिथे बीएमएसला पक्की खूण मिळते आणि सेल समतोल व्हायलाही वेळ मिळतो. लांब प्रवासाच्या आदल्या रात्री हे कराच.

मावळतीकर
मी ऐकलंय की कॅलिब्रेशनसाठी गाडी एकदा शून्यापर्यंत न्यावी लागते.

ठिणगी
जुन्या मोबाइलच्या जमान्यातला समज आहे. वरची खूण पुरते. शंभर सेल एकामागोमाग जोडलेले असतात आणि त्यातला एक जरी किमान मर्यादेखाली गेला, तर बीएमएस काँटॅक्टर उघडतो, म्हणजे मुख्य वीज तोडतो. बाकीच्या ९९मध्ये चार्ज असला तरी उपयोग नाही. तळाशी जाऊन मिळवायचं काय?

यातूनच चालवण्याची रीतही ठरते. चार्ज तळाला आला की सेलचा अंतर्गत रोध वाढतो आणि व्होल्टेज कमी झाल्याने तेवढीच ताकद द्यायला करंट जास्त लागतो. जोरात पाय दाबला की अशक्त सेलचा व्होल्टेज क्षणात खाली बसतो. ५ टक्क्यांवर ओव्हरटेक करताना गाडी बंद पडते ती यामुळे. तीच गाडी हळुवार पायाने आणखी ५-६ किमी गेली असती. म्हणूनच बहुतेक गाड्या तळाला स्वतःच ताकद कमी करतात. निसान लीफमध्ये त्यासाठी कासवाचं चिन्ह लागतं. कासव दिसलं की पहिली सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या, त्यानंतर किमी मोजत बसू नका.

ज्यांना खोलात जायचंय त्यांनी ब्लूटूथ ओबीडी डाँगल (गाडीच्या तपासणी-सॉकेटला लावून आतले आकडे मोबाइलवर दाखवणारं यंत्र) घ्यावा आणि कार स्कॅनरसारख्या ॲपवर 'सर्वांत कमी सेल व्होल्टेज' हा एकच आकडा बघावा. एलएफपीत उभ्या गाडीत तो ३.०च्या खाली उतरला की पडद्यावर टक्के काहीही असोत, तुमचं संपत आलंय. सर्वांत वरच्या आणि खालच्या सेलमधला फरक मधल्या टप्प्यात किरकोळ असतो, तळाशी तो वाढतो. फारच वाढत असेल तर सर्व्हिस सेंटरला दाखवा.

तर शून्याखाली काही किमी मिळतातही, पण ते कंपनीने तुम्हाला दिलेले नाहीत, बॅटरीसाठी राखलेले आहेत. हिशोबात धरू नका.

ओस्लोकर
इकडे नॉर्वेत याची जाहीर परीक्षाच होते. इथली वाहनचालक संघटना एनएएफ 'एल प्री' नावाची चाचणी घेते, उन्हाळ्यात एक आणि हिवाळ्यात एक. गाड्या चार्ज संपेपर्यंत, म्हणजे वेग टिकेनासा होईपर्यंत चालवतात. थंडीत कंपनीने सांगितलेल्या आकड्यापेक्षा सगळ्याच कमी पडतात, पण किती कमी यात गाडीगाडीत खूप फरक दिसतो.

थंडीतलं तळाचं चालवणं वेगळं आहे. थंड सेलचा रोध आधीच जास्त, त्यामुळे ठिणगी म्हणतात तो व्होल्टेजचा खड्डा १० टक्क्यांवरच दिसू लागतो. बॅटरी थंड असेल तर रीजनही कमी मिळतं, चार्ज तळाला असला तरी. साधा पीटीसी (थेट विजेने तापणारा) हीटर ३-५ किलोवॉट खातो, म्हणजे तुमच्या एसीच्या तिप्पट ते पाचपट. उपाय: हीटर बंद, सीट आणि स्टिअरिंग गरम करणारं बटण चालू, ते शंभरेक वॉटमध्ये भागतं. काचेवरचं धुकं घालवायला मात्र अधूनमधून हीटर लावावाच लागतो. हिवाळ्यात मनालीकडे गाडी नेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. चार्जरवर पोहोचल्यावर थंड बॅटरी वेगही घेत नाही, तो वेळ वेगळा धरा.

वायरमन_सांगली
मंडळी, सगळे फास्ट चार्जरच शोधताय. साधं १५ अँपिअरचं सॉकेट विसरलात. गाडीबरोबर आलेला पोर्टेबल चार्जर डिकीत ठेवायचा, घरी भिंतीला लटकवून यायचं नाही.

असं सॉकेट पावणेतीन-तीन किलोवॉट देतं. तासाला बॅटरीत अडीच युनिट पडतात, म्हणजे ६०च्या वेगाने पंचवीस किमी. जेवायला तासभर थांबलात तर पुढच्या चार्जरपर्यंतची सोय झाली.

कुठे मिळेल? लॉज (गिझरचं सॉकेट), पेट्रोल पंप, मंगल कार्यालय, वेल्डिंगचं दुकान, पिठाची गिरणी. गिरणी सर्वांत छान, वायर जाड असते. ढाब्यावर डीप फ्रीझरचं सॉकेट असतं, पण मालकाला आइस्क्रीमची चिंता असते. युनिटमागे वीस रुपये आधीच देऊ केले की काम सोपं होतं.

आता काय बिघडतं ते:

अर्थिंग नसतं. चार्जर लाल दिवा लावून बसतो. तिसऱ्या भोकात वायरच नसते किंवा बाहेरची अर्थिंगची पट्टी गंजलेली असते. तीन दिव्यांचा प्लग-टेस्टर दोनेकशे रुपयांत मिळतो, तो लावून आधी बघा. अर्थ पिनला न्यूट्रल जोडून चार्जरला फसवायचं 'जुगाड' कुणी सुचवेल. करायचं नाही. न्यूट्रल कुठे तुटली तर गाडीच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात.

जनरेटर किंवा घरच्या इन्व्हर्टरवर बहुधा चार्ज होत नाही. तिथे न्यूट्रल बऱ्याचदा अर्थला बांधलेली नसते, त्यामुळे चार्जरला अर्थिंग सापडत नाही. वीज गेल्यावर ढाब्याचा जनरेटर चालू झाला आणि तुमचं चार्जिंग थांबलं, तर दोष चार्जरचा नाही.

एक्स्टेन्शन बोर्ड. बाजारातल्या पांढऱ्या बोर्डाची वायर १ चौरस मिमी किंवा त्याहून बारीक. तिच्यावर १३ अँपिअर तासभर चालवले तर प्लॅस्टिक वितळू शकतं. वायर लागणारच असेल तर २.५ चौरस मिमीची, तीन कोअरची, पूर्ण उलगडलेली. गुंडाळलेली वायर तापते. चार्जरवर करंट कमी करायची सोय असेल तर ८ किंवा १० अँपिअरवर आणा. दहा मिनिटांनी प्लगला हात लावा. कोमट चालेल, बोट टेकवत नसेल तर काढा.

अदिती_व
वायरमनदादा, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका. वाचनखूण साठवली.

मावळतीकर
गिरणीवर गाडी चार्ज करायची म्हणजे दळण घेऊनच निघायला हवं.

घाटवाट
मुद्दा क्र. ४. गाडी थांबलीच तर.

थांबायच्या आधी पडद्यावर इशारे येतात, ताकद कमी होते. तेवढ्यात डावीकडे घ्या. मुख्य वीज तुटली तरी ब्रेक लागतात, पण पेडल जड होऊ शकतं. स्टिअरिंगही १२ व्होल्टच्या बॅटरीवर थोडा वेळच हलकं राहतं. वळणावर किंवा बोगद्यात थांबू नका. समृद्धीवर इगतपुरीचा बोगदा जवळपास ८ किमीचा आहे, तिथे शिरतानाच २ टक्के असतील तर शिरू नये. शिवाय ७०१ किमीच्या त्या रस्त्यावर बाहेर पडायच्या जागा लांब लांब आहेत आणि १२०ची मुभा आहे. काकांचा २१५ वॉट-तासांचा आकडा आठवा.

थांबल्यावर हॅझर्ड चालू, त्रिकोण किमान ५० मीटर मागे, माणसं गाडीत न बसता कठड्यापलीकडे. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३, एरवी ११२. पडदा, ब्लोअर, गाणी बंद करा, कारण आता सगळं १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर आहे. ती उतरली तर गाडी न्यूट्रलमध्ये जाणार नाही, हँडब्रेक बटणाचा असेल तर सुटणार नाही, आणि मग उचलणाऱ्यालाही त्रास.

उचलायची फ्लॅटबेडवरच, चारही चाकं वर. मोटर आणि चाक यांच्यात क्लच नसतो, त्यामुळे ओढताना मोटर फिरत राहते, तिच्यातली चुंबकं वीज निर्माण करतात, आणि इन्व्हर्टर बंद असल्याने तिला आवर घालणारं काही नसतं, तो जळू शकतो. नेक्सॉनसारख्या पुढच्या चाकांच्या गाडीला नाइलाजाने पुढची चाकं उचलून नेता येतं. बीई ६, आयोनिक ५ यांना तेही नाही, त्यांची मोटर मागे आहे. दोरी बांधून ओढायला आलेल्या मदतशील मंडळींना चहा पाजा आणि नको म्हणा. चार पावलं बाजूला करायला हाताने ढकलणं ठीक.

रस्त्यावरची मदत मागवताना 'चार्ज संपलाय' असं स्पष्ट सांगा आणि जवळचा चालू चार्जर तुम्हीच शोधून पत्ता द्या. नाहीतर गाडी सरळ शोरूमला जाते. किती किमी फुकट हे विम्याच्या कागदात आधीच वाचून ठेवा.

ठिणगी
+१. दोन जोडण्या. नव्या नेक्सॉनमध्ये आणि आयोनिक ५ मध्ये गाडीतून २३० व्होल्ट बाहेर काढायची सोय आहे, साधारण ३.३ ते ३.६ किलोवॉट. अशी गाडी सोबत असेल तर तिच्यातून तुमच्या पोर्टेबल चार्जरला वीज देऊन अर्ध्या तासात युनिटभर घेता येतं. पण वायरमन म्हणाले तो अर्थिंगचा घोळ इथेही होतो. काही चार्जर मान्य करतात, काही नाही. घरी एकदा लावून बघा.

दुसरं, शून्यावर आलेली गाडी तशीच आठवडाभर उभी ठेवू नका. बीएमएस थोडी वीज खात राहतो, काही गाड्या १२ व्होल्टची बॅटरीही मोठ्या बॅटरीतून भरत राहतात. सेल फार खाली गेले तर बीएमएस चार्जिंगच नाकारतो, कारण अतिखोल उतरलेल्या सेलमध्ये तांबं विरघळतं आणि पुन्हा चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. आणि १२ व्होल्ट पूर्ण उतरली तर प्लग लावूनही काँटॅक्टर बसत नाही. तेव्हा आधी जंप स्टार्टरने १२ व्होल्ट जागी करा, मग चार्जर लावा. उलट, इलेक्ट्रिक गाडीवरून पेट्रोल गाडीला जंप देऊ नका. स्टार्टर मोटर जेवढा करंट मागते, तेवढा द्यायला इलेक्ट्रिक गाडीतला १२ व्होल्टचा कन्व्हर्टर बनवलेला नाही.

सह्यवाट
सर्वांचे आभार. चर्चा गिरणीपर्यंत जाऊन आली. पण 'चार्जर चालू असेलच याची खात्री नाही' या मूळ अडचणीवर कुणी लिहिलंच नाही. ती खात्री कशी करायची?

वायरमन_सांगली
ॲपवर 'उपलब्ध' म्हणजे फक्त चार्जरचं सिम चालू आहे. वीज येते की नाही ते त्यावरून कळत नाही. प्लगशेअरवर (चालकच नोंदी टाकतात ते ॲप) शेवटची यशस्वी नोंद कधीची ते बघा. मग हेल्पलाइनला फोन करून विचारा, 'शेवटचं चार्जिंग किती वाजता झालं?' हा प्रश्न नेमका विचारायचा. 'चालू आहे का' विचारलं तर हो म्हणतात. हॉटेलच्या आवारात असेल तर हॉटेललाही फोन करा, आवारात वीज आहे का ते त्यांना ठाऊक असतं.

दोन बंदुका (गाडीत खोचायचे प्लग) किंवा दोन वेगळ्या कंपन्यांचे चार्जर असलेली जागा निवडा, पाच किमी लांब असली तरी. आणि पहिल्या चार्जरवर इतकं घेऊन पोहोचा की तो बंद निघाला तर दुसऱ्यापर्यंत जाता येईल. हाताशी एकच चार्जर उरलेला असताना तिथे ३ टक्के घेऊन पोहोचणं, हा जुगार.

पोहोचलात आणि चालत नाही. आधी लाल गोल आपत्कालीन बटण दाबलेलं आहे का बघा. पोरं दाबून जातात. फिरवलं की वर येतं. मग बंदूक नीट बसलीय का. जाड केबलच्या वजनाने ती खाली झुकते आणि पिना टेकत नाहीत. लॉकचा आवाज येईपर्यंत हाताने वर उचलून धरा. मग गाडी पूर्ण बंद, लॉक, दोन मिनिटं थांबून पुन्हा. तरीही नाही, तर हेल्पलाइनला दुरून रीस्टार्ट करायला सांगा. ॲपच्या पाकिटात पैसे निघायच्या आधीच भरा, घाटात नेटवर्क नसतं.

डीसी, म्हणजे फास्ट चार्जर मेलाच असेल तर शेजारी एसीचा, म्हणजे संथ चार्जिंगचा पॉइंट असतो का बघा. जुन्या सरकारी ठिकाणी निळं तीन पिनांचं औद्योगिक सॉकेट असतं, त्यातून ३.३ किलोवॉट मिळतात. त्याचं १५ अँपिअरला जोडणारं अ‍ॅडॉप्टर डिकीत ठेवा.

किलोवॉटकाका
आणि चार्जर चालला की तिथे ८० टक्क्यांपर्यंत बसू नका, मागे कुणी ४ टक्क्यांवर उभा असेल तर नाहीच. ६० किलोवॉटच्या चार्जरला दुसरी गाडी लागली की बहुतेक ठिकाणी ३०-३० होतात. ३० युनिटच्या गाडीला प्रत्यक्षात २५ किलोवॉटच्या आसपास मिळतात, म्हणजे दहा मिनिटांत चारेक युनिट, १३-१४ टक्के. पुढचा चांगला चार्जर ३० किमीवर असेल तर तेवढं घेऊन निघा.

अदिती_व
एमजी कॉमेटला हे सगळं लागू आहे का? घरात तीच आहे.

ठिणगी
चालवण्याचा भाग लागू आहे, १७.३ युनिटच्या हिशोबाने. दहा टक्के म्हणजे पावणेदोन युनिट. पण तिला डीसीचं तोंडच नाही, फास्ट चार्जरवर गेलात तर बंदूक बसणारच नाही. ॲपमध्ये 'टाइप २ एसी' ही चाळणी लावूनच शोधा, आणि वायरमनदादांचा प्रतिसाद छापून गाडीत ठेवा.